हप्ते फेडणारा तोफखाना

हॉस्टेलवर पहिल्या दिवशी दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ‘ब्रँच कोणती?’ आणि ‘क्लब कोणता?’ पहिल्याला ‘सिव्हिल’ म्हटलं की समोरचा नुसती मान डोलावतो. दुसऱ्याला ‘आर्सेनल’ म्हटलं की तो आधी हसतो आणि मग सांत्वन केल्यासारखा म्हणतो, ‘असू दे रे, पुढच्या वर्षी!’ चार वर्षं हे ऐकून घेतलं. आता फायनल इयरला आलोय, तेव्हा निघण्याआधी एकदा सविस्तर उत्तर द्यावं म्हणून संपादक मंडळाकडून ही दोन पानं मागून घेतली.

माझा जन्म २००४ चा. त्याच वर्षी आर्सेनलने इंग्लंडची लीग जिंकली, आणि पुढची २१ वर्षं, म्हणजे २०२५ च्या मोसमापर्यंत, ती काही पुन्हा जिंकली नाही. लोकांना वाटतं की ही सरळसोट घसरण आहे. ‘मोठा क्लब होता, संपला.’ मला हे पटत नाही. या २१ वर्षांत तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या आणि त्यांची कारणंही वेगवेगळी आहेत. तिन्ही एकाच मापाने मोजल्या तर एका माणसावर फार मोठा अन्याय होतो. कसा, ते सांगतो.

आधी थोडा इतिहास

ज्यांना फुटबॉल म्हणजे फक्त वर्ल्ड कपच्या वेळी बघायची गोष्ट वाटते, त्यांच्यासाठी एवढंच. १८८६ साली लंडनच्या वूलविच भागातल्या शस्त्रास्त्र कारखान्याच्या कामगारांनी हा क्लब काढला. म्हणून नाव आर्सेनल आणि बिल्ल्यावर तोफ. १९१३ मध्ये क्लब उत्तर लंडनमधल्या हायबरी या मैदानात आला. १९३० च्या दशकात पाच वेळा लीग जिंकली. १९१९ पासून हा क्लब पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली गेलेला नाही.

१९९६ मध्ये जपानमधल्या एका क्लबला शिकवणारा आर्सेन वेंगर नावाचा फ्रेंच माणूस मॅनेजर म्हणून आला. (नाव आर्सेन आणि क्लब आर्सेनल हा निव्वळ योगायोग!) त्याने खेळाडूंचं खाणंपिणं, सराव, सगळंच बदललं. १९९८ आणि २००२ मध्ये लीग आणि एफए कप दोन्ही एकाच मोसमात जिंकले. २००३-०४ मध्ये तर कहर झाला. ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी आणि पराभव शून्य! मग एवढी चांगली टीम अचानक खाली का आली?

घर घेतलं!

उत्तर फुटबॉलमध्ये नाही, सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये आहे. हायबरीत माणसं बसायची ३८ हजार. मँचेस्टर युनायटेडच्या मैदानात त्या वेळी ६७ हजारांच्या वर. म्हणजे घरच्या प्रत्येक सामन्याला तीसेक हजार तिकिटांचा फरक! हायबरी वाढवावं तर चारी बाजूंनी लोकांची घरं आणि खुद्द स्टँड संरक्षित वास्तू. मग हाकेच्या अंतरावर, जिथे महापालिकेचं कचरा हाताळायचं केंद्र होतं, तिथे ६० हजारांचं नवीन स्टेडियम बांधायचं ठरलं. खर्च सुमारे ३९ कोटी पौंड, त्यातलं २६ कोटी बँकांचं कर्ज. जुन्या हायबरीत सुमारे ७०० फ्लॅट काढून विकायचे, असा बेत. स्टँडच्या दर्शनी भिंती तशाच ठेवल्या आणि जिथे मैदान होतं तिथे आता सोसायटीची बाग आहे.

आता तुमच्या-आमच्या घरचा विचार करा. माझ्या बाबांनी मी शाळेत असताना टू बीएचके घेतला. त्यानंतर कित्येक वर्षं आमच्याकडे दिवाळीत एकच ड्रेस, मे महिन्यात फक्त मामाचं गाव आणि जुनीच स्कूटर. बाबांचा पगार कमी झाला होता का? मुळीच नाही. पगाराचा मोठा भाग एक तारखेलाच हप्त्यात जायचा. आर्सेनलचं नेमकं हेच झालं.

त्यात आणखी एक मेख होती. बांधकामाला रोकड हवी म्हणून २००४ मध्ये क्लबने एका विमान कंपनीशी सुमारे १० कोटी पौंडांचा करार केला. स्टेडियमला १५ वर्षं तिचं नाव आणि जर्सीवर ८ वर्षं तिची जाहिरात. पैसे हातात आले, पण पुढच्या काही वर्षांत बाकीचे क्लब दरवेळी जास्त भावाने जर्सी विकत होते आणि आपण जुन्याच भावात अडकलेलो. पीक उभं राहायच्या आधीच उचल घेतली की शेतकऱ्याचं जे होतं, तेच.

शेजाऱ्याला लॉटरी

२००६ मध्ये नवं स्टेडियम सुरू झालं आणि पहिल्याच मोसमात तिकिटांचं उत्पन्न जवळपास दुप्पट झालं. गणित बरोबर होतं, पण भोवतालची परिस्थितीच बदलली. २००३ मध्ये रशियन अब्जाधीश अब्रामोविचने लंडनमधलाच चेल्सी विकत घेतला होता. २००८ मध्ये अबू धाबीच्या पैशाने मँचेस्टर सिटी उचलला. आपण काटकसरीने हप्ते फेडतोय आणि शेजाऱ्याला एकदम लॉटरी लागली, अशी गत!

मग एकेक जण जाऊ लागला. २००५ मध्ये विएरा, २००७ मध्ये ऑन्री, २००९ मध्ये आदेबायोर आणि तुरे, २०११ मध्ये फाब्रेगास आणि नासरी, २०१२ मध्ये व्हॅन पर्सी, तोही थेट मँचेस्टर युनायटेडला! वेंगर विशीतली पोरं आणायचा, घडवायचा, आणि ती तयार झाली की कोणीतरी उचलून न्यायचं. २००६ मध्ये पॅरिसला चॅम्पियन्स लीगची फायनल गाठली. १८ व्या मिनिटाला गोलकीपर लेमानला रेड कार्ड मिळालं, तरी दहा जणांनी आधी गोल केला आणि शेवटची पंधरा मिनिटं राहिली असताना बार्सिलोनाने दोन गोल करून कप नेला. २०११ मध्ये युनायटेडने ८-२ असं धुतलं. २००५ ते २०१४ अशी नऊ वर्षं एकही कप नाही.

पण एक आकडा लोक विसरतात. १९९६-९७ पासून २०१५-१६ पर्यंत, सलग २० मोसम, वेंगरची टीम पहिल्या चारांत राहिली. विरोधक ‘चौथ्या नंबरची ट्रॉफी’ म्हणून चिडवायचे. अरे बाबांनो, पहिल्या चारांत आलं की चॅम्पियन्स लीगचे दार उघडतं आणि तिथले कोट्यवधी पौंड मिळतात. तोच तर हप्ता होता! एक वर्ष जरी चुकलं असतं तरी कर्जाचं सगळं गणित अवघड झालं असतं. स्टेडियमसाठी कर्ज देताना बँकांनाही वेंगर पाच वर्षं राहील याची खात्री हवी होती, असं पुढे त्यानेच सांगितलं. एका माणसाच्या भरवशावर स्टेडियम उभं राहिलं, असं मी म्हणतो ते उगाच नाही.

सबब संपली

आता दुसरी बाजू. मी आर्सेनलवाला असलो तरी आंधळा नाही. २०१३ नंतर सबब संपली होती. जर्सी आणि जाहिरातींचे नवे, मोठे करार झाले. त्या वर्षी ओझिलला सव्वाचार कोटी पौंडांना आणलं, पुढच्या वर्षी सांचेझला. २०१४, २०१५ आणि २०१७ मध्ये एफए कप जिंकले. २०१४ च्या फायनलला हल सिटीविरुद्ध ०-२ वरून ३-२! मग लीग का नाही?

या प्रश्नाला २०१५-१६ नंतर काहीच उत्तर उरत नाही. आदल्या वर्षी कसाबसा वाचलेला, आपल्यापेक्षा कितीतरी कमी पैशाचा लेस्टर सिटी त्या वर्षी चॅम्पियन झाला आणि आपण दहा गुणांनी मागे, दुसरे. गंमत म्हणजे त्या मोसमात लेस्टरला दोन्ही सामन्यांत आपणच हरवलं होतं! त्या वर्षी पैसा नाही हे कारण चालत नाही. पुढच्या मोसमात बायर्नने दोन्ही लढतींत ५-१, ५-१ असं हरवलं. चांगल्या खेळाडूंचे करार संपत आले तरी कोणी लक्ष दिलं नाही. त्यात टीव्हीचा पैसा इतका वाढला (२०१६ ते २०१९ या तीन वर्षांसाठी इंग्लंडमधले हक्क पाचशे कोटी पौंडांच्या वर गेले) की छोट्या क्लबांनाही खेळाडू परवडू लागले आणि मोठ्या स्टेडियमचा फायदा तुलनेने आटला. जग पुढे गेलं आणि आपण २००४ च्याच आराखड्यावर राहिलो. हा दोष वेंगरचा आणि त्याच्यावरच्या संचालकांचा, दोघांचा. २०१८ मध्ये, २२ वर्षांनी, तो गेला. खरं तर दोन-तीन वर्षं आधी जायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुन्हा पायापासून

वेंगर गेल्यावर कळलं की नुसता माणूस बदलून भागत नाही. २०१९ मध्ये पेपेवर ७.२ कोटी पौंड घातले, फार काही हाती लागलं नाही. त्याच वर्षाच्या शेवटी क्लबचाच जुना कॅप्टन आर्टेटा मॅनेजर झाला. २०२० मध्ये एफए कप, हा चौदावा. पण लीगमध्ये लागोपाठ दोन वर्षं आठवा नंबर! २०२१ च्या ऑगस्टमध्ये पहिले तिन्ही सामने हरलो, एकही गोल नाही, टेबलात सगळ्यात खाली. माझे वर्गमित्र तेव्हा स्क्रीनशॉट काढून पाठवत होते, ते मी जपून ठेवलेत.

तरी त्या वेळी कोणी घाई केली नाही. मोठ्या पगाराची मोठी नावं सोडून दिली. त्या उन्हाळ्यात आणलेले सगळे खेळाडू तेवीस किंवा त्याहून कमी वयाचे. क्लबच्याच अकादमीतल्या साकाभोवती टीम बांधली. मग २०२२-२३ मध्ये २४८ दिवस पहिले राहून शेवटी दुसरे. २०२३-२४ मध्ये ८९ गुण, सिटीचे ९१. २०२४-२५ मध्ये पुन्हा दुसरे, पण चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिदला दोन्ही लढतींत हरवून सेमीफायनल गाठली.

मग निकाल काय?

२०१३ पर्यंत पैसा नव्हता, पण दिशा होती. २०१३ ते २०१९ पैसा होता, दिशा हरवली. त्यानंतर दोन्ही आलं. टेबलात बघितलं तर पहिल्या दोन्ही काळांत साधारण पहिल्या चारांच्या आसपासचाच नंबर दिसेल, पण एक अभिमानाचा आणि दुसरा लाजेचा. म्हणून कोणत्याही क्लबवर मत बनवताना गुणतक्त्याबरोबर त्याचा ताळेबंदही बघावा. त्या वर्षी त्यांच्या खिशात काय होतं, कशावर खर्च होत होतं, एवढं तरी विचारावं.

या सगळ्याची किंमत सामान्य चाहत्यानेही दिली, हेही सांगायला हवं. हप्ते फिटले ते तिकिटांच्या पैशातून, आणि आर्सेनलची तिकिटं इंग्लंडमधल्या सगळ्यात महागड्या तिकिटांत मोजली जायची. कामगारांनी काढलेल्या क्लबचा सामना बघणं कामगारालाच परवडू नये, ही गोष्ट मला आजही खटकते.

२०२३ च्या जुलैमध्ये नव्या स्टेडियमबाहेर वेंगरचा पुतळा बसवला. पुतळ्यात त्याने लीगची ट्रॉफी डोक्यावर धरली आहे. खरं बघितलं तर तो तिथे असताना त्या मैदानात लीगची ट्रॉफी एकदाही आली नाही, त्याने जिंकलेल्या तिन्ही हायबरीच्या काळातल्या. तरी पुतळा बसवला तो नव्या मैदानापाशीच, आणि माझ्या मते जागा अगदी बरोबर निवडली. त्या मैदानाचे हप्ते त्यानेच तर फेडले!