एसीवर गॅसचा कोड आला? गॅस भरण्याआधी हे वाचा



ऊन तापायला लागलं की एक प्रश्न हमखास येतो. "एसीवर कोड आलाय, मेकॅनिक म्हणतो गॅस गेला. भरून टाकू का?" कोणाचा एसी घरात असतो, कोणाचा मशरूमच्या शेडमध्ये, कोणाचा बियाण्याच्या खोलीत. घरचा बंद पडला तर एक रात्र घामाघूम. शेडमधला बंद पडला तर मालच जातो. म्हणून आजचा संदेश थोडा मोठा आहे. सवडीने वाचा आणि जपून ठेवा.

*आधी एक घडलेली गोष्ट*

आपल्या एक सभासद ताई धिंगरी मशरूम करतात. शेडमध्ये दीड टनाचा एसी. एके दिवशी कमी गॅसचा कोड आला. मेकॅनिकने मीटर लावला, दाब कमी दिसला, गॅस भरला. आठ दिवसांनी तोच कोड. पुन्हा गॅस, पुन्हा पैसे. पुढच्या आठवड्यात भर दुपारी मशीन बंदच पडलं आणि या वेळी कोड उलटा आला, दाब जास्त झाल्याचा. त्या दोन दिवसांत पिशव्यांवरचं पीक कडेने वाळलं, छत्र्या वाकड्या झाल्या. तोडणीला आलेला बहार हातचा गेला.

दुसऱ्या मेकॅनिकने इनडोअर युनिट पूर्ण उघडलं. फिल्टर स्वच्छ होता, ताई तो दर आठवड्याला धुवायच्या. पण मागच्या कॉइलवर पांढुरका थर बसला होता, अगदी नमद्यासारखा. तो होता धिंगरीचा बीजाणू. तो इतका बारीक असतो की फिल्टरमधून आरपार जातो आणि ओल्या कॉइलला चिकटतो.

म्हणजे मुळात गॅस गेलाच नव्हता. कॉइलमधून हवा जात नव्हती. हवा नाही म्हणजे कॉइलला उष्णता मिळत नाही, बर्फ धरतो आणि दाब खाली येतो. मीटरवर हे गॅस कमी असल्यासारखंच दिसतं. त्यावर दोनदा जादा गॅस भरला गेला, म्हणून उन्हात दाब चढून मशीन बंद पडलं.

*कोड नेमकं काय सांगतो?*

घरगुती स्प्लिट एसीत साधारणपणे गॅस मोजायचा काटा नसतो. पाईपवरचा सेन्सर, खोलीचं तापमान, कॉम्प्रेसर किती तापला आणि किती करंट घेतो, यावरून मशीन अंदाज बांधतं. त्यामुळे सेन्सर जागेवरून निसटला, कॉइल तुंबली किंवा खरंच गॅस गळला, तिन्ही वेळा एकच कोड येऊ शकतो.

कोड कंपनीगणिक वेगळे असतात. डायकिनमध्ये 'यू' अक्षर आणि पुढे शून्य म्हणजे गॅस कमी. पॅनासॉनिकमध्ये 'एफ' आणि ९१ म्हणजे गॅसच्या चक्रात बिघाड. 'ई' आणि १ हा कोड एका कंपनीत जास्त दाबाचा, तर दुसऱ्या कंपनीत इनडोअर-आउटडोअरचा संपर्क तुटल्याचा असतो. शेजाऱ्याच्या एसीचा अर्थ आपल्या एसीला लावू नका. आपल्या मॉडेलचं पुस्तक बघा. कोड दिसला की आधी मोबाईलवर फोटो काढा, वीज गेली की तो पुसला जाऊ शकतो.

*मेकॅनिक येण्याआधी तुम्ही बघायच्या ५ गोष्टी*

१) *फिल्टर आणि कॉइल.* एमसीबी पाडा. फिल्टर काढून उजेडात धरा. मागची कॉइल टॉर्च मारून बघा. मशरूम शेडमध्ये हे करताना तोंडाला मास्क हवाच, बीजाणूने खोकला आणि दम्याचा त्रास होतो.

२) *बर्फ.* बर्फ दिसला तर चाकू, स्क्रू-ड्रायव्हर लावू नका. कॉइलला भोक पडलं की मग खरंच गॅस जाईल. कूलिंग बंद ठेवून दोन-तीन तास नुसता पंखा चालवा, बर्फ आपोआप वितळतो.

३) *पाईप.* मशीन पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, मग आउटडोअरजवळचे दोन पाईप बघा. जाड पाईप गार आणि घाम आलेला असेल तर साधारण ठीक. बारीक पाईपवर बर्फ आणि जाड पाईप कोमट, तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. जाड पाईपवरही बर्फ आणि इनडोअरची हवा मंद, तर आधी हवेचा मार्ग तपासा.

४) *तेलाचे डाग.* गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. पाईपच्या नटांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर गळती बहुधा तिथेच.

५) *आउटडोअर युनिट.* मळणीचा भुसा, कोंबड्यांची पिसं, जाळ्या, समोर रचलेली पोती यांनी गरम हवा अडते आणि जास्त दाबाचा कोड येतो. पंखा फिरतोय का तेही बघा. धुताना एमसीबी बंद ठेवा आणि साध्या नळीने हळू पाणी मारा. *फवारणीचा एचटीपी पंप अजिबात लावू नका*, पत्र्या वाकतात आणि हवा कायमची अडते.

एवढं करून मशीन *एकदाच* चालू करून बघा. कोड परत आला तर बंद ठेवा. बंद-चालू, बंद-चालू करू नका. कॉम्प्रेसर परत येणाऱ्या गार गॅसनेच थंड राहतो. गॅस कमी असताना त्याला ताणलं तर तो जळतो आणि मशीनमधला सगळ्यात महाग भाग तोच आहे.

*खरंच गळती असेल तर*

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. बंद नळीत तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. "दर उन्हाळ्यात थोडा भरावा लागतो" असं कोणी म्हणालं तर गळती शोधलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. गोठा किंवा पोल्ट्रीजवळ मशीन असेल तर अमोनियाने तांब्याचे पाईप खराब होतात, तिथे जास्त लक्ष ठेवा.

मेकॅनिककडून काम या क्रमाने करून घ्या:

▪️ नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधणे. *ऑक्सिजनचं सिलिंडर लावू देऊ नका*, तेलाशी संपर्क आला की स्फोट होतो.
▪️ गळती दुरुस्त करणे, नंतर व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढणे. हे पाच मिनिटांत उरकत नाही.
▪️ मशीनच्या पट्टीवर लिहिलेला गॅस, तेवढाच, *वजनकाट्यावर तोलून* भरणे. नुसत्या मीटरच्या अंदाजावर भरू देऊ नका.

गॅसचं नावही बघा. आर-२२ च्या जुन्या मशीनमध्ये आर-३२ चालत नाही. आर-३२ पेट घेऊ शकतो आणि काही मशीनमध्ये असणारा आर-२९० म्हणजे तर चक्क प्रोपेन. हे गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतात. काम चालू असताना शेडची दारं उघडी ठेवा, विडी-सिगारेट नको. आत गॅस असलेल्या पाईपला टॉर्च लावू देऊ नका.

बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: गळती कुठे होती, कोणता गॅस, किती ग्रॅम. वॉरंटी असेल तर बाहेरचा मेकॅनिक हात लावण्याआधी कंपनीला फोन करा.

*तोवर माल कसा वाचवायचा?*

मशरूम असेल तर तोडणीला आलेला माल लगेच काढा, वाट बघू नका. भिंतींना ओली गोणपाटं लावा, फॉगर चालू ठेवा, रात्री जाळीच्या खिडक्या उघडून पंखा लावा. बियाणं असेल तर मात्र पाणी शिंपडू नका. ओल आत येऊ देऊ नका, दार बंद ठेवा आणि पोती भिंतीपासून लांब, फळीवर ठेवा.

त्या ताईंच्या मशीनमधला सगळा गॅस काढून, कॉइल धुऊन, व्हॅक्यूम करून पट्टीप्रमाणे तोलून गॅस भरला. आता त्या फिल्टरबरोबर कॉइलही बघतात आणि दर बहार संपला की ती साफ करून घेतात. मशीन तेच आहे, व्यवस्थित चालू आहे.

तुमच्याकडे कोड आला तर कोडचा, मशीनच्या पट्टीचा आणि कॉइलचा असे तीन फोटो आपल्या ग्रुपवर टाका. शेजारी कोणाचं मशरूम शेड किंवा बियाण्याची खोली असेल तर हा संदेश त्यांनाही पाठवा.