सागरी महामार्ग आणि छोटा दुकानदार

रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाचे नाव आपण १९८० पासून ऐकत आहोत. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना ही कल्पना पुढे आली. सुमारे ५०० किलोमीटरचा हा रस्ता रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतून किनाऱ्याने जातो. नकाशावर तो सलग दिसतो, पण मालाची गाडी घेऊन निघालेल्या माणसाला तो खाडीपाशी तुटतो.

कोकणातले जुने रस्ते फणीच्या दातांसारखे आहेत. मुंबई-गोवा महामार्गावरून एकेक फाटा समुद्राकडे उतरतो. म्हणून श्रीवर्धनचा माल माणगाववरून, दापोलीचा खेडवरून आणि गुहागरचा चिपळूणवरून येतो. दाभोळ आणि धोपावे ही गावे एकाच खाडीच्या दोन काठांवर आहेत, तरी रस्त्याने जायचे तर चिपळूणचा वळसा पडतो. दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड येथे फेरीबोटी सुरू झाल्याने मोठी सोय झाली. पण फेरी ठरलेल्या वेळेला सुटते आणि वादळी हवेत बंदही राहते.

याचा व्यापाराशी संबंध काय? हिशेब साधा आहे. दोन गाठी कापड मागवणाऱ्या दुकानदाराला गाडीभाडे परवडत नाही. म्हणून तो दोन-तीन महिन्यांचा माल एकदम उचलतो. त्याचे भांडवल फळीवर अडकते, उधारी वाढते, आणि रमजान किंवा लग्नसराईत नवीन डिझाइन निघाले तर जुना माल अंगावर पडतो. खाड्यांवर पूल झाले, तर एकच टेम्पो मुरुड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर करीत जाईल. भाडे चार दुकानांत वाटले जाईल. दुकानदार पंधरा दिवसांचाच माल मागवील आणि तेवढ्याच भांडवलात जास्त उलाढाल करील.

राज्य रस्ते विकास महामंडळाने आता पुलांची कामे हाती घेतली आहेत. परंतु बाणकोट खाडीवरील पुलाचे काम सुरू होऊन वर्षानुवर्षे रखडले, हेही आपण पाहिले आहे. रस्ता कितीही रुंद केला तरी मधला एक पूल राहिला की मालाला पुन्हा वळसाच.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. पुलावरून माल येतो, तसे गिऱ्हाईक जातेही. लग्नाचा बस्ता बांधायला आज गावात येणारे कुटुंब उद्या तासाभरात मोठ्या शहरात पोहोचेल. तेथल्या दुकानाएवढा माल आपण ठेवू शकणार नाही. मात्र वाजवी भाव, माल बदलून देण्याची सवलत, शिलाईची सोय आणि ओळखीचा विश्वास आपण देऊ शकतो.

रस्ता बाजारपेठेतून जाणार की गावाबाहेरून, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. बाजारातून गेला तर दुकानांच्या जागा जातील. बाहेरून गेला तर वाटसरू गिऱ्हाईक तुटेल. आखणीच्या नोटिसा निघतात तेव्हाच नकाशा पाहून लेखी हरकत किंवा सूचना द्यावी. जागेचे कागद, सातबारा आणि दुकानाचे परवाने आजच नावावर करून ठेवावेत. मोबदला कागद पाहून मिळतो, वहिवाट सांगून नव्हे.