मुलगी एकटी प्रवासाला निघाली? आधी एवढं शिकवा

शिक्षण, परीक्षा, नोकरीसाठी खेड्यातल्या मुली आता पुण्या-मुंबईला एकट्या जातात. त्यांना घरात बसवणं हा उपाय नाही. निघण्याआधी चार गोष्टी शिकवणं हा उपाय आहे.

मुली फसवून नेणारा दलाल गुंडासारखा दिसत नाही. बऱ्याचदा तो ओळखीचाच असतो, कधी बाईसुद्धा असते. चांगल्या पगाराचं काम किंवा लग्नाचं आमिष दाखवतो आणि म्हणतो, "घरी आत्ताच सांगू नको." हे शब्द कानावर आले की धोका ओळखायचा.

मुलीला हे सांगून ठेवा :

- घरचे दोन मोबाईल नंबर तोंडपाठ हवेत. फोन काढून घेतला तरी ते उपयोगी पडतात.
- मूळ आधार कार्ड, दाखले कुणाच्या ताब्यात देऊ नयेत.
- बसल्यावर गाडीचा नंबर घरी कळवावा.
- न्यायला ठरलेल्याऐवजी दुसराच माणूस आला, तर घरी विचारल्याशिवाय त्याच्यासोबत जाऊ नये.
- संशय आला तर गर्दीतच थांबून रेल्वेत १३९, इतरत्र ११२ लावावा. अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठी १०९८ आहे.

मुलगी पोचली नाही तर २४ तास वाट पाहू नका. अल्पवयीन मूल हरवल्यास पोलिसांनी लगेच गुन्हा नोंदवावा, असा सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा आदेश आहे. हद्द दुसरी असली तरी 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो.

घरचे रागावतील म्हणून अनेक मुली फोनच करत नाहीत. म्हणून "चुकलं तरी फोन कर, आम्ही न्यायला येतो," हे आई-वडिलांनी आधीच सांगून ठेवावं.