न्यायमूर्ती अर्ल वॉरन आणि बंधुभावाची कसोटी

फ्रीमेसन हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेलं असतं. मुंबईच्या फोर्ट भागात त्यांचा जुना हॉल आहे. दार लावून चालणाऱ्या त्यांच्या विधींविषयी लोकांना कुतूहल वाटतं, आणि थोडी भीतीही वाटते. पण त्यांचा मूळ विचार तसा साधाच. मेसन म्हणजे गवंडी. युरोपातल्या पाथरवट-गवंड्यांच्या संघांचा वारसा ही मंडळी सांगतात. गुण्या आणि कंपास ही त्यांची चिन्हं. गवंडी जसा गुण्या लावून भिंतीचा कोन तपासतो, तसं माणसानं आपलं वागणं तपासावं, ही त्यांची शिकवण. ईश्वर मानणारा कोणत्याही धर्माचा पुरुष त्यांचा सभासद होऊ शकतो, आणि सभासद परस्परांना ‘बंधू’ म्हणतात.

हा बंधुभाव लॉजच्या उंबऱ्याबाहेर कितपत पोचतो? अमेरिकेचे सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांचं चरित्र या दृष्टीनं पाहण्यासारखं आहे.

वॉरन यांचा जन्म १८९१ सालचा, लॉस एंजल्समधला. वडील नॉर्वेहून आलेले, रेल्वेत नोकरीला. लहानपणी अर्लनं स्वतःही रेल्वेत हरकाम्याचं काम केलं. कामात पाय गमावलेले, एका शब्दासरशी नोकरीवरून काढलेले कामगार त्यानं जवळून पाहिले. पुढे ते वकील झाले, सरकारी वकील झाले. १९१९ मध्ये ते ओकलंडच्या एका लॉजचे सभासद झाले आणि १९३५-३६ या वर्षी कॅलिफोर्नियातल्या सर्व मेसनांचे प्रमुख, म्हणजे ग्रँड मास्टर झाले.

आणि तरीही १९४२ साली काय घडलं पाहा! जपानशी युद्ध सुरू झालेलं. वॉरन तेव्हा कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल होते. किनाऱ्यालगतच्या जपानी वंशाच्या लोकांना तिथून हलवावं, असा त्यांनी जोरानं आग्रह धरला. घातपाताचा पुरावा? तो नव्हताच. पण घातपात अजून झालेला नाही, हेच धोक्याचं लक्षण आहे, असा त्यांचा युक्तिवाद! सुमारे १,२०,००० माणसं छावण्यांत डांबली गेली. त्यांतली दोन-तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होती. बंधुभावाचा गुण्या हातात असलेल्या माणसाला ही भिंत वाकडी दिसली नाही. त्याच वर्षी ते राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले.

१९५३ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना सरन्यायाधीश नेमलं. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवाव्यात की नाही, हा खटला न्यायालयापुढे पडून होता. ‘वेगळं, पण समान’ हे तत्त्व १८९६ पासून कायद्यानं मान्य केलेलं. न्यायमूर्तींत मतभेद होते. वॉरन यांनी घाई केली नाही. एकेका सहकाऱ्याशी ते बोलले, वाट पाहिली, आणि १७ मे १९५४ रोजी नऊही न्यायमूर्तींचा एकमुखी निकाल दिला: वेगळ्या ठेवलेल्या शाळा समान असूच शकत नाहीत. सामान्य माणसालाही वाचता यावा म्हणून हा निकाल त्यांनी मुद्दाम छोटा आणि सोप्या भाषेत लिहिला.

या खटल्यात काळ्या मुलांची बाजू मांडणारे वकील होते थर्गुड मार्शल. गंमत अशी, की तेही मेसनच! पण वॉरन यांच्या लॉजचे नव्हेत. गोऱ्यांच्या लॉजमध्ये कृष्णवर्णीयांना सहसा प्रवेश नसे. म्हणून बॉस्टनच्या प्रिन्स हॉल यांनी १७८४ साली इंग्लंडहून सनद मिळवून आपल्या लोकांसाठी निराळी परंपरा सुरू केली. मार्शल त्या परंपरेतले. गोऱ्यांच्या ग्रँड लॉज या परंपरेला मान्यता देईनात. बहुतेक राज्यांत ती मिळाली १९८९ नंतर. म्हणजे बंधुभावाची शपथ घेतलेली ही दोन माणसं एका लॉजमध्ये बंधू म्हणून बसू शकत नव्हती. न्यायालयात मात्र एक बोलत होता आणि दुसरा ऐकत होता.

निकालानं सारं एका दिवसात पालटलं, असं नव्हे. १९५७ मध्ये लिटल रॉक इथं नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पोचवायला लष्कर आणावं लागलं. पण वॉरन यांच्या न्यायालयानं वाट सोडली नाही. गरीब आरोपीला सरकारनं वकील द्यावा, हा निकाल १९६३ चा. चौकशीपूर्वी पोलिसांनी आरोपीला त्याचे हक्क सांगावेत, हा १९६६ चा. १९६७ मध्ये खुद्द मार्शल सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून येऊन बसले. वॉरन १९६९ साली निवृत्त झाले, १९७४ मध्ये वारले. त्यांच्या आठवणी १९७७ साली प्रसिद्ध झाल्या. जपानी कुटुंबांच्या बाबतीत आपण जे केलं त्याचा, विशेषतः घरातून उठवलेल्या लहान मुलांचा विचार मनात येऊन झालेला पश्चात्ताप, त्यांनी तिथं नोंदवला आहे.

ज्यांना आपण आधीच आपलं मानतो, त्यांना बंधू म्हणणं सोपं असतं. ज्याची आपल्याला भीती वाटते किंवा ज्याला आपल्या दाराशी मज्जाव आहे, त्याच्याशी आपण कसं वागतो, तिथं या शब्दाची खरी पारख होते. वॉरन १९४२ साली या पारखीला उतरले नाहीत. १९५४ साली उतरले, आणि तेव्हा त्यांच्या हाती लॉजचा गुण्या नव्हता, देशाचा कायदा होता.