मधलं गाव

सकाळचे पावणेसात. सातारा स्टँडवर चौकशीच्या खिडकीसमोर रांग नाही, घोळका आहे. अर्धगोल भोकापाशी एकेक तोंड वाकतं, विचारतं, बाजूला होतं. आत वाहतूक नियंत्रक एका हातानं रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर लिहितायत, दुसऱ्या हातात माइक. मान वर न करताच उत्तरं येतात, "मेढा लागलीय. वाई यायचीय अजून."

माझ्यापुढं एक आजी. नऊवारी, डोक्यावर पदर, काखेत कापडी पिशवी.

"गोंदवल्याची गाडी कवा हाय ओ?"

"पंढरपूर घ्या."

"पंढरपूरला न्हाई जायचं मला. गोंदवल्याला, महाराजांकडं."

आता साहेब मान वर करतात. "अहो आजी, तीच गाडी. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, मग गोंदवलं. तुम्ही मधे उतरायचं, गाडी पुढं म्हसवडवरनं पंढरपूरला जाती."

आजी मान डोलावतात, पण पटलेलं नाही. त्या चहावाल्याला विचारतात. मग पटक्याच्या एका म्हाताऱ्याला. मग मला. तिघंही पंढरपूरच म्हणतो, तेव्हा कुठं त्या बाकावर टेकतात. भिंतीवर वेळापत्रक रंगवलेलं आहे, पण त्यात गोंदवलं नाही. पाटीवर शेवटचं गाव असतं. आपलं गाव बहुतेक वेळा मधलं. ते तोंडानंच विचारावं लागतं.

बाकावर कॉलेजचा पोरगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलाय. त्याला रस्ता दिसतोय, किलोमीटर दिसतायत. शेवटी तोही उठून खिडकीशी जातो. "पंढरपूर आली का ओ?"

"डेपोतनं निघालीय."

शेजारची बाई आजींना विचारते, "तिकिटाला सुट्टे हायत का?"

"हायत की. अर्ध्याचं काढून ठेवलंय."

"अर्धं आमाला. तुमचं वय काय?"

आजी पिशवीतून प्लॅस्टिकची पिशवी काढतात, तिच्यातून रुमाल, रुमालाची गाठ सोडून आधार कार्ड. पोरगा वाचतो, "जन्मसाल १९४८." पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला धावली तेच साल.

"मग तुमाला फुकट!" बाई म्हणते. "पंच्याहत्तरच्या पुढं सगळ्यास्नी."

हा नियम ऑगस्ट २०२२ पासूनचा. बायकांचं अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून. आजींना फुकटचा नियम आज कळतोय, आणि तोही न विचारता.

"मी आपली अर्धंच काढत आले गं इतके दिस," त्या म्हणतात. हातातल्या नोटा उलगडून पाहतात, पुन्हा घडी घालतात. पण चेहऱ्यावर अजून शंका. चहावाला लांब आहे, नाहीतर त्यालाही विचारलं असतं.

गाडी लागते. पाटीवर 'सातारा–पंढरपूर'. आजी पायरीवर पाय ठेवून थांबतात.

"मास्तर, गोंदवल्याला थांबंल न्हवं?"

"थांबती आजी, चढा."

मी पुसेगावला निघालोय. जागा त्यांच्या मागचीच मिळते. कंडक्टर आधार पाहतो, मशिनची बटणं दाबतो, शून्य रुपयांचं तिकीट फाडून हातात देतो. आजी ते पोराच्या नाकापुढं धरतात.

"वाच रं, काय लिवलंय?"

"सातारा ते गोंदवले."

आजी तिकिटाची घडी करतात, आधार कार्डाबरोबर रुमालात बांधतात आणि खिडकीकडं तोंड करून निवांत बसतात.