मिठागरातील जीव आणि पितळी भांडे

रायबंदरच्या मिठागरांत उन्हाळ्यात पाण्यावर जी गुलाबी छटा येते, ती लवणप्रेमी सूक्ष्मजीवांची असते. समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण साडेतीन टक्के. हे जीव त्याच्या कितीतरी पट खारट पाण्यात सुखाने नांदतात. आपण त्यांना सरसकट जिवाणू म्हणतो. मात्र त्यांतील अनेकांची गणना, १९७७ मध्ये कार्ल वूझ यांनी वेगळी दाखवलेल्या ‘आर्किया’ या शाखेत होते.

पाणी आटते तसे मिठाबरोबर त्यात विरघळलेले धातूही दाट होतात. त्या विषातही हे जीव तग कसे धरतात? ‘हॅलोबॅक्टेरियम एनआरसी-१’ या जातीचा संपूर्ण जनुकसंच २००० साली वाचला गेला आणि उत्तर हाती येऊ लागले. आर्सेनिक पेशीबाहेर टाकणारी जनुके तिच्यात आढळली. तांब्यासाठी पेशीच्या आवरणात एक पंप असतो. तो एटीपीची ऊर्जा खर्चून जादा तांबे बाहेर फेकतो. या पंपाचे जनुक काढून टाकले की तांबे सोसण्याची शक्ती घटते, असे २००६ मधील अभ्यासात दिसले. म्हणजे हे जीव विष पचवीत नाहीत, ते साठू देत नाहीत.

आम्हा बालरोगतज्ज्ञांना येथे ओळखीची खूण पटते. आपल्या यकृतातील ‘एटीपी७बी’ हा पंप याच कुळातला. जादा तांबे पित्तावाटे बाहेर घालवणे हे त्याचे काम. तो जन्मतः सदोष असला की विल्सनचा आजार होतो. तांबे यकृतात, मेंदूत आणि डोळ्यांच्या पारदर्शक पटलाच्या कडेला साठते.

पंप निर्दोष असूनही बालकाचे यकृत हरू शकते. तान्ह्या बाळात तांबे पित्तावाटे टाकण्याची क्षमता पुरती विकसित झालेली नसते. पूर्वी आपल्याकडे ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ हा आजार कोवळ्या मुलांचे प्राण घेई. कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवलेले, साठवलेले वरचे दूध लवकर सुरू करणे आणि हा आजार यांचा संबंध पुण्यातील संशोधनातून १९८३ मध्ये पुढे आला. दुधातील प्रथिने तांब्याला धरून ठेवतात, हे त्याचे एक कारण. स्टीलची भांडी घरोघर आली, स्तनपानाचा आग्रह वाढला आणि आजार ओसरला. माझ्या पिढीच्या डॉक्टरांना तो रुग्णांपेक्षा पुस्तकांतच अधिक भेटला.

तरीही ही कथा जुनी झाली असे मी मानत नाही. तांब्याच्या भांड्यातील पाण्याचे कौतुक पुन्हा होऊ लागले आहे. मोठ्यांनी ते बेताने प्यावे. परंतु बाळाचे दूध अथवा पाणी त्यात ठेवू नये. ताक, लिंबू, चिंच यांनाही कल्हई नसलेले भांडे वर्ज्य. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, आणि पुढेही दुधासाठी स्टील. तसेच कारण न सापडणाऱ्या यकृतविकाराच्या मुलात आपण विल्सनची तपासणी अवश्य करावी. वेळीच निदान झाले तर औषधांनी मूल वाचते.

मिठागरातील जीवाला निसर्गाने पंप देऊन ठेवला आहे. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तो परिपक्व होईपर्यंत पहारा घरातल्यांनी द्यावयाचा, आणि त्यांना ते सांगण्याचे काम आपले.