ऊसगाडी पुलावर कोठे उभी आहे?

गळिताचा हंगाम सुरू झाला की कुंडलच्या क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची रीघ लागते, आणि वाटेवरील लहानमोठ्या पुलांची खरी कसोटी तेव्हाच असते. आपण चौकशी करतो ती वजनाची. परंतु ते वजन पुलावर नेमके कोठे उभे आहे, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

दोन टेकूंवर ठेवलेल्या 20 मीटर लांबीच्या तुळईवरून एक टनाचा भार सरकू लागला, तर तो मध्यावर असता तेथील वाकविणारे परिबल 5 टन-मीटर भरते, चतुर्थांशावर असता अडीच आणि टेकूवर असता शून्य. भाराच्या प्रत्येक स्थानी हा आकडा उंची म्हणून मांडला असता जो त्रिकोण उमटतो, तीच त्या मध्यबिंदूची प्रभावरेषा. आता दहा-दहा टनांचे दोन आस 5 मीटर अंतरावर आहेत आणि त्यांतील एक मध्यावर आहे असे धरा: 50 अधिक 25 मिळून 75 टन-मीटर. तेच 20 टन एकाच आसावर मध्यभागी लादले, तर 100!

एमिल विंक्लर यांनी ही कल्पना 1867 मध्ये मांडली. सलग अनेक गाळ्यांच्या पुलात मात्र रेषा वक्र होते आणि शेजारच्या गाळ्यात शून्याखाली उतरते. म्हणून दोन्ही गाळे गाड्यांनी भरले असता एका गाळ्याच्या मध्यावरचा ताण उलट कमी होतो, आणि मधल्या खांबावरचा वाढतो. असा हिशेब हाताने करणे जिकिरीचे होय.

येथे सान्त घटक पद्धती उपयोगी पडते. पुलाचे लहान घटकांत विभाजन करून संगणक त्यांची समीकरणे सोडवितो. 1960 मध्ये रे क्लफ यांनी या पद्धतीचे नामकरण केले. भार शेकडो ठिकाणी ठेवून शेकडो वेळा गणित करण्याची मात्र गरज नाही. जर्मन अभियंते म्यूलर-ब्रेस्लाऊ यांच्या सिद्धान्तानुसार, ज्या छेदातील परिबल हवे तेथे कल्पनेने बिजागर घालून एककाइतका कोन दिला की पूल ज्या आकारात वाकतो, तोच आकार प्रभावरेषा असतो. एकाच उकलीत संपूर्ण रेषा हाती येते. या सिद्धान्ताइतका सुंदर विचार स्थापत्यशास्त्रात मला दुसरा आढळत नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेतील 100 टनांचे चाकांचे वाहनही पुलावर सर्वांत प्रतिकूल जागीच ठेवून पाहावे लागते, आणि ती जागा ही रेषाच मुक्रर करते. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी कारखान्यांच्या वाटांवरील जुन्या पुलांची मापे घेऊन त्यांच्या प्रभावरेषा काढाव्यात, आणि तो दस्तऐवज पुढील हंगामापूर्वी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या हवाली करावा, ही विनंती.